वरातीच्या घोडीची किडनी कशी पाहावी

साहित्य: विशीच्या पुढची एक घोडी (वय मालकाला विचारू नये, तो बाराच सांगेल), बादली, लांब दांड्याला बांधलेला डबा आणि भरपूर वेळ. आमच्या मनोर गावात घोडी दिसते ती बहुधा लग्नसराईत. मस्तान नाक्यापाशी डीजेमागून चालत असेल तेव्हा मालकाला गाठून ठेवावे.

पहिले काम मूत्र मिळवण्याचे. घोडी मागितले म्हणून देत नाही. जुने मोतद्दार हळू शीळ घालतात, नाहीतर ताजा पेंढा अंथरतात. आपण बाजूला, खांद्याजवळ उभे राहावे. मागे नाही. हे वाक्य दोनदा वाचा.

डब्यात गढूळ, पिवळट, चिकटसर काही आले की नवशिका ‘किडनी गेली!’ म्हणून ओरडतो. ओरडू नये. घोडा जादा कॅल्शियम मूत्रावाटेच टाकतो, त्यामुळे कॅल्शियम कार्बोनेटचे कण त्यात असायचेच, आणि चिकटपणाही नेहमीचाच. जमिनीवर पडून काही वेळाने ते तांबूस झाले तरी बहुतेकदा बिघडत नाही. काळजी करायची ती मूत्र नळाच्या पाण्यासारखे स्वच्छ येऊ लागले आणि बादल्या भराभर रिकाम्या होऊ लागल्या तर. ४०० किलोची घोडी दिवसाला वीसेक लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. मोजून लिहून ठेवा. मूत्राचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत दाटपणा) दरवेळी १.००८ ते १.०१४ एवढ्यातच घुटमळत असेल, तर किडनीला ते दाट करणे जमेनासे झाले असावे. मात्र म्हातारपणी पिट्युटरी ग्रंथी बिघडली तरी तहान वाढते. निदानाचा मान डॉक्टरांना द्या.

रक्तही त्यांनीच काढावे. नमुना माणसांच्या लॅबमध्ये गेला तर फॉर्मवर ‘उपाशीपोटी?’ असे विचारतील. क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा) १.७ आले की ठळक अक्षरांत ‘जास्त’ छापून येईल, कारण माप नवरदेवाचे लावलेले असते. घोड्याला साधारण दोनपर्यंत चालते. उलट आकडा चांगला आला म्हणून पेढेही वाटू नयेत: किडनीचे सुमारे तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत तो फारसा हलत नाही. तोवर घोडी वाळलेली असते, कधी पोटाखाली सूजही दिसते.

सोनोग्राफी हवी असेल तर परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. घोडी टेम्पोत चढवून घोडबंदरच्या कोंडीतून तिथवर न्यायची, एवढेच.

किडनी अधू ठरली तर लसूणघास कमी करा, त्यात कॅल्शियम फार. आणि लंगडते म्हणून फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक देऊन मे महिन्याच्या उन्हात तहानलेल्या घोडीला वरातीत उभे करू नका. पाणी कमी पडलेल्या किडनीला ते औषध इजा करते. तुम्ही वऱ्हाडी असाल तर वरात दहा मिनिटे थांबवा आणि घोडीपुढे बादली ठेवा. नवरदेवाला सरबत मिळालेलेच असते.