ॲमरशॅमला जाणारा माणूस कसाऱ्याला का जात नाही?

परदेशात गेलेल्या मराठी माणसात वर्षभरात एक बदल होतो, आणि तो थंडीमुळे होतो असं अजून कुठल्याही डॉक्टरने म्हटलेलं नाही. डोंबिवलीत असताना जो भाजी आणायलाही ठरलेल्या गल्लीतूनच जायचा, तो लंडनमध्ये शनिवारी सकाळी पाठीला सॅक लावून निघतो. भुयारी रेल्वेची मेट्रोपॉलिटन लाईन जिथं संपते त्या ॲमरशॅमला उतरतो आणि तिथं पाहण्यासारखं फारसं काही नाही हे पाहून प्रसन्न होतो. ओल्या शेतांच्या कडेने चालतो, बूट चिखलात बरबटवतो, नाव उच्चारता न येणारा पदार्थ मागवतो आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगतो की या शहराने मला पुन्हा तरुण केलं, हरवण्यातली मजा मला इथं कळली. डोंबिवलीतले आईवडील कौतुकाने माना डोलावतात. मुलगा हरवला खरा, पण पौंडात हरवला आहे.

माझं म्हणणं असं की यात लंडनचं श्रेय फार थोडं आहे. ॲमरशॅम हे बाबागाड्या ढकलणाऱ्या सुखवस्तू लोकांचं उपनगर; त्याने आजवर कुणाच्या अंगात वीरश्री संचारवली असेल असं वाटत नाही. लंडनमध्ये नसते ती एकच गोष्ट, ती म्हणजे दारात उभं राहून ‘तिथं काय आहे?’ असं विचारणारं माणूस. आपल्याकडे घराबाहेर पडण्यापूर्वी या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, आणि देव, नातेवाईक किंवा काम यांपलीकडचं उत्तर ग्राह्य धरलं जात नाही. ‘काही नाही, सहज बघून येतो’ असं तिशीतल्या माणसाने सांगितलं तर आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहतात आणि मग बायकोला बाजूला घेऊन ‘दोघांचं बरं चाललंय ना?’ म्हणून चौकशी करतात. साहसाची हौस त्या माणसात पहिल्यापासून होती. जकातनाका उंबरठ्यावर होता. लंडनच्या घरमालकाला भाडं वेळेवर मिळालं की भाडेकरू शनिवारी चिखलात लोळतो की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसतं, आणि या बेपर्वाईलाच आपला माणूस शहराची जादू समजतो.

पुरावा म्हणून कसारा घ्या. सीएसएमटीपासून सुमारे १२० किलोमीटरवर लोकलचा मार्ग तिथं संपतो. त्या मानाने ॲमरशॅम म्हणजे हाकेच्या अंतरावर. डोंबिवलीकराने जन्मभर इंडिकेटरवर ‘कसारा’ वाचलेलं असतं, पण त्याच्या लेखी ते गाव नसून धोक्याची सूचना असते: या गाडीत चढू नये, चढलास तर डोंबिवलीला उतरू देणार नाहीत. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही नावं त्याला परवच्यासारखी पाठ असतात आणि परवच्याइतकीच निरुपयोगी. आसनगावला उतरलं तर समोर माहुलीचे सुळके दिसतात. ठाणे जिल्ह्यातला हा एक उंच गड. १६३६ साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांनी घेरलं ते इथंच. कसाऱ्याच्या पुढे थळघाट लागतो. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणून गाडीला मागून बँकर इंजिनं जोडावी लागतात. स्वित्झर्लंडमध्ये असल्या चढाच्या गाडीत बसायला हाच मनुष्य फ्रँक मोजतो, खिडकीला नाक लावतो आणि रात्री त्यावर पानभर लिहितो. नाशिकला लग्नाला जाताना मात्र तो हा घाट झोपेत पार करतो आणि इगतपुरीला वडा खायला जागा होतो.

मुरबाडची तऱ्हा याहून वाईट. तिथं अजून रेल्वेच नाही, त्यामुळे इंडिकेटरवर नाव झळकण्याइतकीही ओळख नाही. कल्याणहून एसटी पकडायची, मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेजच्या दिशेने जायचं आणि वैशाखऱ्याच्या पुढे उतरून नाणेघाट चढायचा. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, बाहेर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरातला माल याच वाटेने जुन्नरला चढायचा. त्या काळी इथं परदेशी माणसंही होती: जुन्नरच्या आणि कार्ल्याच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख कोरलेले आहेत. म्हणजे घरापासून हजारो कोस दूर येऊन, चार पैसे मिळवून, स्थानिक धर्मकार्याला देणगी द्यायची आणि आपलं नाव दगडावर कोरून घ्यायचं. आजची परदेशस्थ मराठी मंडळी गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत याहून निराळं काय करतात? ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत तर कल्याणला चुकून लागलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याचा धोका नोंदवला आहे. इमिग्रेशनच्या रांगेतली धाकधूक तेव्हा आपल्याकडे येणाऱ्यांच्या वाट्याला होती. मुरबाडचा रस्ता हा कुणाचा तरी परदेश होता, कुणाचं तरी ॲमरशॅम होतं. रस्ता तोच आहे, फक्त आता त्यावर चालणाऱ्याला सगळं माहीत असल्याचा भास होतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो नवलाईचा. परदेशात भाषा वेगळी, अन्न वेगळं, झाडंसुद्धा वेगळी. मुरबाडात आपलीच माणसं आणि आपलंच पिठलं, तिथं मन कसं जागं होणार? पण नवलाई जागेत असती तर मराठी माणसांच्या सहलींचे जथे युरोपातून शहाणे होऊन परतले असते. ते पॅरिसमध्ये पोह्यांचा नाश्ता करतात, वेनिसमध्ये अंताक्षरी खेळतात, ल्युसर्नच्या तळ्याकाठी वरणभाताची चौकशी करतात आणि आपल्याच वाड्यातून न हलता सात देश पाहून येतात. उलट ज्याला आपलीच माणसं म्हणायचं त्याने डोळखांबच्या आठवडे बाजारात एक सकाळ उभं राहून पाहावं. कातकरी आणि ठाकूर बायका घेऊन बसलेल्या रानभाज्यांतल्या किती त्याला ओळखता येतात? म्युनिकच्या ऑक्टोबर महोत्सवात चामडी विजार घालून फोटो काढणारे आपले तरुण पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हशाच्या जत्रेतल्या बैलबाजारात गेले, तर बैलाची किंमत सोडाच, बैलाची कुठली बाजू विकत घेण्याआधी तपासतात हेही त्यांना सांगता येणार नाही. अज्ञान भरपूर आहे, ताजं आहे आणि घरापासून दोन तासांवर आहे. कबूल करायची तयारी मात्र विमानात बसल्याशिवाय येत नाही.

दुसरा आक्षेप सोयीचा. तिकडे बस दहा वाजून सात मिनिटांची म्हणजे सात मिनिटांनीच येते, वाटेवर पाट्या असतात, हरवलं तर नकाशा असतो. इकडे शेवटची एसटी गेली की नाही हे फक्त चहाच्या टपरीवाल्याला ठाऊक. हे सगळं खरं आहे, पण मग साहस नक्की कशाला म्हणायचं? जिथं हरवण्याच्याही सोयी केलेल्या आहेत तिथं हरवून तरुण झालेल्या माणसाने बेलपाड्याला जावं. तिथून हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा मान मोडेपर्यंत वर पाहावा लागतो, आणि गडावर जाणाऱ्या नळीच्या वाटेबद्दल विचारलं तर गावकरी शांतपणे ‘सोप्पी आहे’ म्हणतात. गावकऱ्याचं ‘सोप्पी’ आणि त्याचं ‘हे काय, पुढंच’ ही मापं कुठल्याही नकाशात बसत नाहीत. (जाताना वाटाड्या मात्र न्यावाच; साहसावर लेख लिहिणं निराळं, नळीत अडकणं निराळं.) माळशेजला पावसाळ्यात गर्दी लोटते, हा मुद्दा कुणी काढेल. ती गर्दी गाडीतून धबधब्याखाली आणि धबधब्याखालून कणसाकडे एवढाच प्रवास करते, आणि घरचा स्पीकर सोबत आणते. तिचा जथा युरोपच्या जथ्याचाच धाकटा भाऊ.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. शहापूर-मुरबाडच्या माणसाला एसटी न येणं हे साहस वाटत नाही, कारण त्याला दवाखान्यात पोचायचं असतं. तानसा, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. दिवाळी सरली की इथली कातकरी कुटुंबं मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर निघतात ती पावसाच्या तोंडाशी परततात. परकं गाव, ओळखीचं कुणी नाही, खोपटातला संसार, मालकाच्या मर्जीवरचं काम: व्हिसावर गेलेल्या इंजिनिअरच्या कहाणीतले सगळे घटक इथं हजर आहेत, आणि तरीही याला साहस म्हणणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने साहसावर निबंध लिहिला आहे. नेहमीच्या जगण्यापासून सुटा पडलेला, स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा शेवट असलेला तुकडा म्हणजे साहस, असं त्याच्या म्हणण्याचं सार. भट्टीचा हंगाम कितीही खडतर असला तरी सुटा पडत नाही. उचल घेतलेली असते, ती फिटली नाही तर पुढच्या दिवाळीलाही तीच भट्टी. मग गरज आणि साहस एकत्र नांदतच नाहीत का? नांदतात. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७च्या धुमश्चक्रीत सापडले. पण ते परत आले, आणि ‘हे लिहून काढा’ असा आग्रह धरणारे चिंतामणराव वैद्य त्यांना भेटले, म्हणून १९०७ साली ‘माझा प्रवास’ छापला गेला. भट्टीवरून परतलेल्या कातकऱ्याला ‘काय पाहिलंत?’ असं कुणी विचारत नाही. लंडनहून परतलेल्याला हा प्रश्न विमानतळापासून विचारतात, आणि तो ॲमरशॅमबद्दल अर्धा तास बोलतो.

तेव्हा मी माझं म्हणणं थोडं आवरतं घेतो, मागे घेत नाही. शहापूर-मुरबाडला साहस तिथं राहणाऱ्यांचं नाही, तिथं न राहणाऱ्यांचं आहे. लंडनलाही ते लंडनकरांचं नाहीच, ते बिचारे सोमवारी सकाळी त्याच मेट्रोपॉलिटन लाईनवर कसारा फास्टमधल्या चेहऱ्याने उभे असतात. सुट्टीवर आलेल्या परदेशस्थाला हा प्रयोग करायला पैसाही लागत नाही आणि व्हिसाही. अडचण एकच, आणि ती भौगोलिक आहे: मुरबाडची एसटी कल्याणहून सुटते आणि कल्याणला प्रत्येक मराठी माणसाची एक मावशी राहते. ग्रीकांना तिथं पहारेकरी अडवून भडोचला न्यायचे. मावशी नेत नाही कुठंच. जेवल्याशिवाय सोडत नाही, आणि जेवण झाल्यावर उन्हाचं कुठं जातोस म्हणून दिवाणावर उशी टाकते.