घोडा हजर करा

शर्यतीत घोडा बदलण्याची विद्या जुनी असून तिची साधने तीन : हलक्या घोड्याचे नाव, भारी घोडा आणि केसांचा कलप. तिचा बंदोबस्त करणाऱ्यांचीही साधने तीनच : नियमावली, चौकशी आणि निकाल लागल्यानंतर येणारी शंका.

एप्सम डर्बी ही इंग्लंडमधली तीन वर्षांच्या घोड्यांची शर्यत. 1844 साली ती रनिंग रेनने जिंकली. हा प्रत्यक्षात मॅकाबियस नावाचा चार वर्षांचा घोडा आहे, असा लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांचा संशय होता. स्वतः मोठमोठ्या पैजा लावणाऱ्या या गृहस्थांनी शुद्धीकरणाचे काम अंगावर घेतले आणि लंडनच्या दुकानातून कलप कोणी नेला, इथपर्यंत माग काढला. दुसऱ्या आलेल्या ऑर्लँडोचे मालक कर्नल पील यांनी बक्षिसावर हक्क सांगितला व प्रकरण कोर्टात गेले. न्यायमूर्ती अल्डरसन यांची मागणी साधी होती : घोडा हजर करा. घोड्याचे वय दातांवरून कळते. दानाच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. डर्बीच्या घोड्याला ती सवलत नव्हती. साक्षीदार आले, घोडा तेवढा आला नाही, आणि ऑर्लँडो विजयी ठरला. त्याच शर्यतीत पाय मोडलेल्या लिअँडरला ठार करावे लागले होते. त्याचा जबडा तपासला, तर तोही चारचा निघाला.

बदललेला घोडा सापडू शकतो, ही या विद्येतली उणीव 1898 साली दूर झाली. घोडाच ठेवला नाही. 1 ऑगस्टच्या सुट्टीच्या दिवशी ‘द स्पोर्ट्समन’ या पत्राने कॉर्नवॉलमधील ट्रॉडमोर येथील शर्यतींचा तपशील छापला. तो एका पत्रलेखकाने पुरवला होता. मागाहून निकालही छापला : रीपर विजयी, भाव 5-1. बुकींनी पैसे चुकते केले. ‘स्पोर्टिंग लाइफ’ने तोच निकाल उचलताना भाव 5-2 छापला. खरा भाव कोणता, याची विचारपूस सुरू झाली, तेव्हा ट्रॉडमोर नावाचे गावच नसल्याचे कळले. न झालेल्या शर्यतीचा छडा लावल्याचे श्रेय अशा रीतीने खिळे जुळवणाऱ्याच्या चुकीला जाते. आरोपी कधीच सापडले नाहीत.

कलपाचे पुनरागमन 18 ऑगस्ट 1984 रोजी ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनच्या ईगल फार्मवर झाले. फाइन कॉटन या सुमार घोड्याच्या नावावर बोल्ड पर्सनॅलिटी हा सरस घोडा उतरवला गेला. मूळ घोड्याच्या पायांवर मोज्यांसारखे पांढरे पट्टे होते, तोतयाच्या नव्हते; ते पांढऱ्या रंगाने रंगवले. पोळ्याला बैल रंगवतात तो मिरवण्यासाठी. इथे घोडा रंगवला तो लपवण्यासाठी. मात्र गुपित इतक्या विश्वासू माणसांना सांगितले गेले होते, की देशभरातून पैसा लोटला आणि भाव 33-1 वरून 7-2 वर उतरला. पैजा लावणाऱ्यांत एक कॅथलिक पाद्रीही होते. घोडा जेमतेम जिंकला. प्रेक्षकांतून ‘घोडा बदलला’ अशी ओरड झाली, पायांवरून रंग ओघळू लागला, आणि शर्यतीवर देखरेख करणाऱ्या स्टुअर्डांनी कागदपत्रे मागितली तेव्हा ट्रेनर पसार झाला होता. घोडा बाद ठरला. ट्रेनरला पुढे तुरुंगवास झाला आणि सिडनीच्या एका बुकी बापलेकांना आधीपासून माहिती असल्याच्या ठपक्यावरून रेसकोर्सबंदी झाली.

या इतिहासाचा निष्कर्ष असा, की शर्यतीवरचा सर्वांत सावध पहारेकरी स्टुअर्ड नसून भाव आहे. तो हलला की सगळे जागे होतात.

तो हलला नाही तर काय होते, हे 2017 च्या जुलैत इंग्लंडमध्ये ग्रेट यार्मथला दिसले. आता घोड्याच्या मानेत मायक्रोचिप असते. दोन वर्षांच्यांच्या शर्यतीत मँडरिन प्रिन्सेस 50-1 च्या भावाने जिंकली. शर्यतीनंतर चिप वाचली, तर ती मँडरिन प्रिन्सेसच्याच ट्रेनरची तीन वर्षांची मिलीज किस निघाली. आवारात येताना चिप तपासली होती. घोड्यांची अदलाबदल त्यानंतर, निव्वळ नजरचुकीने झाली. या खेपेस घोडा हजर होता, चिप हजर होती, वाचणारा उशिरा पोचला. तोवर निकाल पक्का झाल्याने पैजा चुकत्या झाल्या. ट्रेनरला 1,500 पौंड दंड झाला, आणि धावण्यापूर्वी चिप दुसऱ्यांदा वाचावी, असा नियम आला.