डी कलरची नवरी

नवापूर स्टेशनच्या फलाटावर एक बाक आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. गाडी थांबली की नवखे प्रवासी धावत जाऊन त्यावर बसतात, एक पाय इकडे, एक तिकडे, आणि फोटो काढून घेतात. अमळनेरच्या आजींनी (नात्याने माझ्या मावसबहिणीच्या सासूबाई, पण सगळ्या गावाच्या आजी) खिडकीच्या गजांतून तो बाक नीट न्याहाळला आणि मला विचारलं, "फरक कोठे शे?" मी म्हटलं, आजी, फरक दिसत नसतो, रंगवलेला असतो. आजींचं समाधान झालं नाही. पुढे व्यारा येईपर्यंत त्या झाडं, बैलं आणि डब्यात चढणारी माणसं तपासून बघत होत्या, कुठे गुजरात दिसतोय का.

उधन्याला अर्धा डबा रिकामा झाला. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेश इतका भरलेला आहे, की तिथे गुजराती बोलणारा पाहुणा वाटावा. आमच्या ताईचे व्याही डिंडोलीचेच. ताई स्वतः मात्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, ताप्तीपलीकडे, इच्छापोरला राहते. भावजींची नोकरी हजिऱ्याला. सुरत स्टेशनवरून अडाजण, पाल करत रिक्षा हजिरा रोडला लागली, की आजूबाजूला दुकानं विरळ होतात आणि ट्रक दाट होतात. पोलादाच्या गुंडाळ्या वाहणारे ट्रक, गॅसचे टँकर, त्यामागे धूळ, आणि त्या धुळीत एकाएकी काचेच्या चकचकीत इमारती. हे हिऱ्यांचं आणि दागिन्यांचं औद्योगिक संकुल. गुजरात हिरा बुर्स तेच, डी बिअर्सची हिरे तपासणारी संस्थाही तिथेच. फाटकावर पहारेकरी, आत पहारेकरी, आणि रस्त्याच्या पलीकडे टपरीवर खमण.

ताईची मुलगी, म्हणजे आमची नवरी, याच संकुलात एका कारखान्यात कलर असॉर्टिंगला आहे. दिवसभर पांढऱ्या ट्रेमध्ये हिरे उलटे मांडायचे, ठरावीक दिव्याखाली मास्टर स्टोनच्या शेजारी ठेवून बघायचे, आणि अक्षर द्यायचं. ज्यात रंगाचा लवलेश नाही तो डी. मग ई, एफ, असं पिवळेपणा चढत चढत झेडपर्यंत. सुरुवात ए पासून का नाही, असं मी विचारलं. तिने सांगितलं, की 1950च्या दशकात अमेरिकेतल्या जीआयएने ही पट्टी आखली, तेव्हा जो तो व्यापारी आपला माल ए, डबल ए, ट्रिपल ए म्हणून खपवत होता. त्या अक्षरांची इतकी अब्रू गेली होती, की त्यांनी पहिली तीन सोडूनच दिली.

या नोकरीने मुलीची नजर तयार झाली आणि संसाराच्या कामातून गेली. धुतलेली चादर दोरीवर टाकताना ती "ही जी झालीय" म्हणते. भाताला एच देते. मुलगा बघून आल्यावर ताईने धडधडत्या छातीने विचारलं, कसा वाटला? तर म्हणाली, "चांगला आहे गं. दात जरा एल आहेत."

आणि हिचीच नखं कोरी! रंगाची प्रत ठरवायची, तर आजूबाजूला दुसरा रंग चालत नाही. कपडे पांढरे नाहीतर करडे, टेबल पांढरं, भिंतीसुद्धा फिकट. लाल नखाच्या बोटांनी हिरा उचलला, की ती लाली हिऱ्यात उतरते आणि चांगल्या दगडाला भलतंच अक्षर मिळतं. त्यामुळे नोकरीला लागल्यापासून पोरीच्या नखाला रंग ठाऊक नाही. आता लग्नाची रजा मंजूर झाली होती, आणि तिने जाहीर केलं होतं, की साडी तुम्ही म्हणाल ती, दागिने तुम्ही म्हणाल ते, पण लिपस्टिक आणि नेलपॉलिश मी घेणार, आणि महागातलं घेणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी ओएनजीसीच्या पुलावरून मगदल्ल्याकडे निघालो. पुलाखाली समुद्राच्या ओढीने पसरलेली ताप्ती, एका बाजूला हजिऱ्याची धुराडी, समोर डुमस रोडचे मॉल. आजींना घरी ठेवायचं ठरलं होतं. पण त्यांनी एका वाक्यात निकाल लावला, की अफगाण स्नोच्या काळापासून मी तोंडाला लावते आहे, मला शिकवू नका. बरोबरच होतं. पाटणवालांचा अफगाण स्नो मुंबईत 1919 साली निघाला आणि पुढे दोन-तीन पिढ्यांना पुरला. त्यात शेड एकच, पांढरी. निवडीचा त्रास नाही. ताई लॅक्मेच्या पिढीतली, टाटांनी 1952 साली काढलेलं. तिच्या तरुणपणी दुकानदार तीन लाल दाखवायचा आणि चौथा मागितला की वर बघायचा.

इथे, या दुकानात, लालच भिंतभर होते. दुकानातली मुलगी काळ्या कपड्यांत, चेहरा इतका लिंपलेला की हसताना आम्हालाच धाकधूक. आधी अंडरटोन बघू, म्हणाली. मनगटाच्या शिरा हिरव्या दिसल्या तर त्वचा वॉर्म, निळ्या दिसल्या तर कूल. ताई कूल निघाली, मी वॉर्म. मग तिने कौतुकाने आजींचा हात धरला. आजींच्या मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे. तुळशीवृंदावन, विंचू, ठिपक्यांच्या ओळी. सगळं आता हिरवट-निळं विरघळलेलं. पोरीने त्या विंचवाच्या नांगीखाली शीर शोधायचा बराच प्रयत्न केला आणि शेवटी न्यूट्रल असं जाहीर केलं.

नवरीने मात्र शिरा वगैरे दाखवायला नकार दिला. तिने पहिला प्रश्न विचारला, "हा लाइट किती केल्विनचा आहे?"

दुकानात पिवळा, मऊ, प्रत्येक बाईला पाच वर्षांनी लहान करणारा उजेड होता. त्या उजेडात दोन गुलाबी शिशा हुबेहूब एक दिसत होत्या. नवरीने दोन्ही उचलल्या आणि तडक दाराकडे चालू लागली. पहारेकरी मागे. दाराशी उत्तरेचा उजेड येत होता, आणि जुने हिरेवाले उत्तरेच्याच उजेडात माल बघायचे म्हणे. तिथे एक शीशी जांभळट निघाली, दुसरी विटकरी. "बघितलंस मावशी?" यात मला काही नवल वाटलं नाही. साडी आणि ब्लाउजपीस मॅचिंग सेंटरमध्ये गळ्यात गळे घालतात आणि लग्नाच्या हॉलवर एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हे कुठल्या बाईला ठाऊक नसतं? दोन वेगळी रंगद्रव्यं एका दिव्याखाली जुळतात, दुसऱ्याखाली नाही. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांमध्ये याच कटकटीसाठी दिव्यांची पेटी ठेवतात आणि कापड आलटून-पालटून वेगवेगळ्या उजेडांत बघतात. आमचा मॅचिंगवाला पेटी वापरत नाही, तो पीस घेऊन रस्त्यावर जातो. नवरीही तेच करत होती, फक्त बिल व्हायच्या आधी. त्यामुळे पहारेकऱ्याचा आत-बाहेर, आत-बाहेर असा चांगला व्यायाम झाला.

भाव कळल्यावर आजींनी शीशी उचलून तळ बघितला, टोपण उघडून हुंगलं, आणि म्हणाल्या, "माय वं! इतला पैसास्मा तर घर रंगी जाई." त्या बोलल्या रागाने, पण चुकीचं काही बोलल्या नाहीत. नेलपॉलिश हे मोटारीच्या रंगाचंच भावंड. ड्यू पाँट कंपनीने 1923च्या सुमारास मोटारींसाठी झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग काढला. त्याआधी एक गाडी रंगवून वाळायला आठवडे जायचे. त्याच जातीच्या रसायनाने बोटंही चकाकतात, हे लोकांच्या ध्यानात आलं, आणि 1932 साली रेव्हलॉन ही कंपनी निघाली ती नुसत्या नेलपॉलिशवर. तेव्हापासून आजतागायत शीशीत मुख्य ऐवज तोच आहे. बाकी पैसे टोपणाचे आणि नावाचे.

नावं तर अशी, की वाचून रंग कळू नये. नेलपॉलिशच्या दुनियेतली मोठी कंपनी ओपीआय मुळात दातांच्या दवाखान्यांना माल पुरवायची. कवळीचं अॅक्रिलिक नखांनाही चालतं हे लक्षात आल्यावर ती तोंडातून बोटावर आली. तिने 2008 साली खास भारतावर रंग काढले, त्यांतल्या एकाचं नाव 'मून ओव्हर मुंबई'. मुंबईत चंद्र कोणी बघितलाय? लोकलमधून फार तर हॅलोजन दिसतो.

मग नवरीने मोबाइलवर आणखी एक चमत्कार दाखवला. अॅझाट्युअर नावाच्या अमेरिकन कंपनीने 2012 साली एक काळं नेलपॉलिश काढलं, त्यात 267 कॅरेट काळे हिरे, किंमत अडीच लाख डॉलर. ताईने कपाळाला हात लावला. माझ्या मनात आलं, रिमूव्हरचा बोळा कुठे टाकत असतील? नवरीने मात्र तेवढ्यात भागाकार केला होता. "कॅरेटला नऊशे छत्तीस डॉलर? काळ्याला? आणि तोही कुटून घातलेला?" दुकानातल्या मुलीला ते पॉलिश आम्ही घेणार की काय, अशी क्षणभर आशा वाटली असावी, कारण तिने खुर्ची आणून दिली.

आता लिपस्टिका. 'वाइन', 'बर्गंडी', 'मर्लो', आणि एक 'शॅम्पेन'. गुजरात जन्मापासून दारूबंदीचं राज्य. तिथे पोरी परमिट न दाखवता ओठांना बर्गंडी लावून हिंडतात आणि पोलीस बघत राहतात. मी हे बोलले, तर नवरी म्हणाली, शॅम्पेन आमच्याकडेपण असते. ऑस्ट्रेलियातल्या आर्गाइल खाणीतून तपकिरी हिरे ढिगाने निघायचे. तपकिरी म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडायचं. मग खाणवाल्यांनी फिकट तपकिरीला शॅम्पेन आणि गडद तपकिरीला कोन्याक म्हणायला सुरुवात केली, आणि माल उठला. ती खाण 2020 साली बंद झाली, पण तोवर तिचे बारीक दगड पोत्यांनी सुरतेत येऊन घासले गेले. म्हणजे सौराष्ट्रातून आलेला, आयुष्यात थेंब न चाखलेला एखादा रत्नकलाकार वर्षानुवर्षं इथे शॅम्पेन घासत बसला, आणि कुणी हरकत घेतली नाही.

एवढं कळत असून नवरी मागे हटेना. उलट तिला चेव चढला. माझा डावा हात तिने ताब्यात घेतला, कारण माझा रंग म्हणे 'बेसला बरा' होता. मनगटापासून दंडापर्यंत पट्टे ओढले, आणि प्रत्येकाला अक्षर दिलं. ताई अधूनमधून "हा डाळिंबी घे की", "तो आमसुली बरा दिसेल", "गुलबक्षी शालूवर उठेल" असं सुचवत होती. दुकानातली मुलगी ते ऐकून खोके उघडत होती आणि दर वेळी भलतंच काही काढत होती. चहाची वेळ झाली, माझा हात रंगाऱ्याच्या दुकानातल्या पाटीसारखा झाला, आणि निकाल लागेना.

शेवटी आम्ही बाहेर पडून लोचो खाल्ला. सुरतेत निर्णय अडला की खातात, निर्णय झाला की खातात. गरम लोचो, वर तेल, शेव, कांदा. शेजारच्या गाड्यावर हिवाळ्याचा पोंक, म्हणजे आपला हुरडा, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर. मुंबईला चंद्र मिळतो तर इच्छापोरने काय घोडं मारलंय, म्हणून आम्ही आपलंच कलेक्शन काढायला बसलो. कोवळा हिरवा 'पोंक'. ओलसर पिवळा 'लोचो, एक्स्ट्रा बटर'. गंजका लाल 'उधना जंक्शन'. करड्यात चमकी टाकून 'हजिरा, सेकंड शिफ्ट'. ताईने तपकिरीला 'ट्रकमागची धूळ' सुचवलं, पण नवरी म्हणाली तसं नाव दिलं तर खपणार नाही, 'डस्क ऑन द हायवे' म्हण. ही मुलगी व्यापारात जायला हवी होती.

पोट भरल्यावर ती सरळ दुकानात गेली आणि एक शीशी उचलली. मी निरखून बघितलं. पाणी होतं. फार तर पाण्यात गुलाबाची पाकळी धुतली असेल. 'न्यूड' या जातीतली, आणि त्या फळीवरची सगळ्यात महाग. लिपस्टिकही त्याच जातीची, ओठांच्याच रंगाची.

"अगं, हे लावलंय हे कळणार कसं?" ताई रडकुंडीला आली.

"कळू नये म्हणूनच तर आहे. रजा संपली की पुसायला नको. कामावर चालेल." मग शीशी दाराशी नेऊन उत्तरेला धरली आणि समाधानाने म्हणाली, "डी. फार तर ई."

बिल झालं. आजी कुठे आहेत ते तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. त्या मघाच्या खुर्चीत बसल्या होत्या, समोर दुसरी एक शिकाऊ मुलगी गुडघ्यावर, आणि आजींच्या दहा बोटांवर दहा टेस्टर. फुकट आहे हे त्यांनी आधी विचारून घेतलं होतं, आणि प्रत्येक बोटाचा भावही.

डिंडोलीला हळदीच्या मांडवात वरपक्षाच्या बायकांनी नवरीचे हात उलटेपालटे करून बघितले. एकीने कनवाळूपणे विचारलंसुद्धा, पार्लरवाली नखं विसरली का? ताईने बिल दाखवायचा विचार केला असावा, पण आवरलं. तोवर घोळका आजींकडे सरकला होता. आजी पाटावर दोन्ही हात पसरून बसल्या होत्या, आणि मुलाच्या आत्या, माम्या, चुलत्या एकेक बोट धरून चौकशी करत होत्या. धाकट्या आत्याचा जीव करंगळीवरच्या गडद लालवर जडला. आजींनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं, पाटल्या मोजल्या, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "करंगळी महाग शे. तू अंगठा ले."