रूकी कार्डे निवडण्याची नियमावली (सर्व दुरुस्त्यांसह)

एकाच संघाची बेसबॉल कार्डे जमवायची असे ठरवलेल्या माणसाने आधी कार्ड विकत घेऊ नये. आधी नियमावली लिहावी. नियमावली नसताना जमवलेल्या पुठ्ठ्यांना पसारा म्हणतात, नियमावली असली की त्याच पुठ्ठ्यांना संग्रह म्हणतात. जागा दोन्ही सारखीच अडवतात, पण संग्रह रद्दीत घालताना घरचे निदान एकदा विचारतात. पहिले कलम आटोपशीर असावे : ‘या संग्रहात न्यूयॉर्क मेट्स संघाच्या खेळाडूंची रूकी कार्डे असतील, अन्य काहीही नसेल.’ खाली सही, तारीख. ‘अन्य काहीही नसेल’ हे शब्द ठळक लिहावेत, म्हणजे पुढे दुरुस्ती नेमकी कुठे करायची ते शोधावे लागत नाही.

संघ मेट्सच का? कारण संघ निवडताना फार जिंकणारा संघ टाळावा. यांकींच्या वाटेला जाणाऱ्याला मिकी मँटल लागतो आणि मँटलचे १९५२चे टॉप्स कार्ड २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. वर ते त्याचे रूकी कार्ड नाहीच. रूकी कार्ड आदल्या वर्षीचे, बोमन कंपनीचे. म्हणजे घर विकून जे घ्यावे ते नियमात बसत नाही. मेट्सचे तसे नाही. १९६२च्या पहिल्याच हंगामात हा संघ १२० सामने हरला. अशा संघाच्या चाहत्याला अपेक्षाभंगाची सवय असते, आणि रूकी कार्डांच्या व्यवहारात ती भांडवलासारखी उपयोगी पडते. एडिसनमधल्या ज्या मराठी घरातली पोरे क्वीन्सच्या सिटी फील्डवर जाऊन घसा बसवून परततात, त्या घराला हे निराळे सांगायला नको.

आता रूकी कार्ड म्हणजे काय. नवशिक्याला वाटते, खेळाडूचे पहिले कार्ड. नवशिक्याचे असेच असते. २००६पासून अमेरिकेच्या मुख्य लीगने शिस्त आणली : खेळाडू मुख्य लीगमध्ये पोचल्यावरच त्याच्या कार्डावर रूकीचे अधिकृत चिन्ह छापायचे. पण त्याच्या किती तरी आधी, पोरगा कुठल्याशा गावच्या दुय्यम संघात बसने हिंडत असतानाच, बोमनच्या नावाखाली त्याचे ‘पहिले बोमन’ निघालेले असते. पहिले कार्ड ते, रूकी कार्ड हे. कोणते घ्यावे? दोन्ही. या नियमावलीत ‘की’ असे विचारले की उत्तर ‘आणि’ असते.

जुन्या काळी शिस्त नव्हती, त्यामुळे वाद अधिक रसाळ आहेत. मेट्सचा डॅरिल स्ट्रॉबेरी १९८३चा सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याचे त्याच वर्षीचे कार्ड टॉप्सच्या ‘ट्रेडेड’ संचात आहे. हा संच दुकानातल्या पाकिटांतून निघत नसे, कार्डांच्या व्यापाऱ्याकडून डबाच्या डबा घ्यावा लागे. तेव्हा कर्मठांनी निवाडा दिला की पाकिटातून न निघालेले कार्ड खरे रूकी नव्हे, ते ‘विस्तारित रूकी’. खरे ते पुढच्या वर्षी पाकिटातून निघालेले. पुढच्याच वर्षी ड्वाइट गुडन आला आणि त्याच्याबाबतीत हाच घोळ. म्हणजे त्याच गणवेशातला तोच माणूस, पण डब्यातला अर्धा आणि पाकिटातला पुरता. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरातून आलेल्यांना हा निवाडा ताबडतोब पटेल.

पाकीट म्हटले की च्युइंगमची आठवण निघतेच. टॉप्स मुळात च्युइंगम विकणारी कंपनी. कार्ड हे आमिष होते. कित्येक वर्षे पाकिटात गुलाबी पट्टी असे आणि तिला लागून असलेल्या कार्डावर तिचा डाग पडे. असा डाग पडलेले कार्ड स्वस्त मिळते, म्हणून आपल्या नियमावलीने त्याला ‘ऐतिहासिक पुरावा’ म्हणावे. गोल झालेल्या कोपऱ्यांना ‘हाताळणीची खूण’ म्हणावे. दहापैकी दहा गुणांचा दाखला मिळवून प्लास्टिकच्या पेटीत बंद झालेले कार्ड परवडत नसेल, तर ते निर्जीव वाटते असे जाहीर करावे. परवडू लागले की ही टीप काढून टाकावी.

यानंतर होतकरूंची निवड, आणि इथे मात्र सक्त ताकीद आहे. ग्रेग जेफरीज. १९८८च्या ऑगस्टअखेर मेट्सने या पोराला मुख्य संघात घेतले आणि उरलेल्या हंगामातल्या २९ सामन्यांत त्याने .३२१ सरासरीने सहा होम रन मारले. तो पोहण्याच्या तलावात उभा राहून पाण्याखाली बॅट फिरवण्याचा सराव करतो, हेही सर्वांना ठाऊक झाले. टॉप्सने १९८९च्या कार्डावर ‘भावी तारा’ असे छापून टाकले. लोकांनी ती कार्डे साठवली, मुलांच्या शिक्षणाची सोय म्हणून. कंपन्यांनीही त्या वर्षांत कार्डे छापायची म्हणजे किती छापायची याला धरबंद ठेवला नाही. जेफरीज पुढे चांगला खेळला, दोनदा ऑल-स्टार झाला. दोन्ही वेळा सेंट लुइसच्या गणवेशात. या कार्डाचे एक पाकीट जरूर घ्यावे. भाव इतका उतरला आहे की चुकून दोन येतील.

‘जेनरेशन के’ हा तर सामुदायिक विधी. पल्सिफर, इझरिंगहाउझन, विल्सन : १९९५च्या सुमारास हे तीन तरुण पिचर मेट्सचे भाग्य उजळणार होते. तिघांचेही हात आणि खांदे शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेले. पण इझरिंगहाउझनचे कार्ड फेकू नये. तो दुसरीकडे जाऊन सामन्याचा शेवट सांभाळणारा पिचर झाला, म्हातारपणी मेट्सकडे परतला आणि कारकिर्दीतला तीनशेवा सेव्ह त्याने २०११मध्ये याच गणवेशात केला. सोळा वर्षे कळ काढणाऱ्याला मेट्स असे अधूनमधून काहीतरी देतात.

दुरुस्ती क्रमांक एक इथे लागते. माइक पियाझा हॉल ऑफ फेममध्ये गेला तो मेट्सची टोपी घालून, पण त्याचे रूकी कार्ड १९९२चे, डॉजर्सच्या गणवेशातले. मेट्सचा रूकी तो कधी नव्हताच. कलम एकनुसार तो बाद. मेट्सचा संग्रह आणि पियाझा नाही, हे चालेल का? अशा वेळी सभा बोलवावी. गणसंख्या एक. अध्यक्ष, चिटणीस आणि विरोधी सभासद आपणच. विरोधी सभासदाने सविस्तर बोलावे, मग बहुमताने ‘रूकी कार्डावरील गणवेश कोणताही असो, मन मेट्सचे असावे’ असा ठराव संमत करावा. लगेच कीथ हर्नांडेझ (सेंट लुइस) आणि गॅरी कार्टर (माँट्रियल) यांचे अर्ज येतील. १९८६चे विजेतेपद त्यांनीच मिळवून दिले, तेव्हा नाही म्हणता येत नाही. खर्च नोंदवहीत ‘संकीर्ण’खाली दाखवावा.

उलट प्रकार अधिक जाचक आहे. १९६८च्या टॉप्सने ‘मेट्सचे रूकी’ म्हणून एकाच कार्डावर दोन चेहरे छापले : जेरी कूझमन आणि नोलन रायन. गणवेश मेट्सचा, कार्ड मेट्सचे, कलम एकमध्ये चपखल. आणि १९७१च्या डिसेंबरमध्ये संघाने रायनला आणखी तिघांसह कॅलिफोर्नियाला देऊन जिम फ्रेगोसी आणला. रायनने पुढे एकही हिट न देता सात सामने जिंकले, त्यांतला एकही मेट्ससाठी नाही. मेट्सच्या स्वतःच्या पिचरला असा पहिला सामना साधायला २०१२ उजाडले. हे कार्ड बाजारात महाग आहे ते रायनमुळे. घेताना मात्र विक्रेत्याला आपण कूझमनसाठी घेतोय असे सांगावे. तो काही भाव कमी करणार नाही, पण १९६९च्या अंतिम मालिकेत दोन सामने कूझमनने जिंकले होते, आणि हे कुणीतरी काउंटरवर मोठ्याने बोलले पाहिजे.

१९६७च्या कार्डावर टॉम सीव्हरशेजारी बिल डेनेही आहे. डेनेहीला सगळे विसरतात. वर्ष संपायच्या आत मेट्सने त्याला आणि वर एक लाख डॉलर वॉशिंग्टनला दिले, आणि बदल्यात व्यवस्थापक गिल हॉजेस आणला, ज्याच्या हाताखाली १९६९च्या विजेतेपदाचा चमत्कार घडला. माझ्या मते हे मेट्सचे सर्वश्रेष्ठ कार्ड आहे : अर्ध्यात संघाचा सर्वांत मोठा पिचर, अर्ध्यात संघाचा सर्वांत फायद्याचा सौदा. परवडत नसेल तर याची पुनर्मुद्रित प्रत घ्यावी आणि पाहुणे आले की अल्बमचे ते पान भराभर उलटावे.

सोनेरी, चकचकीत, क्रमांक घातलेल्या आधुनिक आवृत्त्यांबद्दल फार लिहीत नाही. टॉप्सची सोनेरी आवृत्ती वर्षाच्या आकड्याइतकी निघते, म्हणजे पीट अलॉन्सोची २०१९ची २०१९ कार्डे, पुढच्या वर्षीच्या रूकीची २०२०. दुर्मिळता दरसाल एका प्रतीने घटते आहे, त्यामुळे घाई करावी, असा युक्तिवाद घरी करून पाहावा.

शेवटची दुरुस्ती अनुभवी संग्राहकांसाठी. पीट रोझचे रूकी कार्ड मेट्सच्या संग्रहात कसे आणावे? रोझ सिनसिनाटीचा. १९७३मध्ये तो मेट्सच्या बड हॅरेलसनशी मैदानातच भिडला आणि मेट्सच्या तेव्हाच्या शे स्टेडियममधल्या प्रेक्षकांनी त्याच्यावर हाताला लागेल ते फेकले. सभेत हा ठराव मांडायची अध्यक्षालाही लाज वाटेल. पण १९६३च्या त्या कार्डावर चार संघांची चार मुंडकी आहेत आणि त्यांतले एक अॅल वाइसचे. वाइस पुढे मेट्सकडे आला आणि १९६९च्या पाचव्या सामन्यात त्याच्या होम रनने बरोबरी साधली. तेव्हा हे कार्ड वाइसचे आहे. नोंद वाइसच्या नावाने करावी, बाकी तिघे सोबत आलेले समजावे. फक्त घेण्यापूर्वी जाणकाराकडून तपासून घ्यावे; या कार्डाच्या बनावट प्रती १९८०च्या दशकापासून फिरत आहेत, आणि बनावट प्रतीवरचा वाइस नियमात बसत नाही.