अनवाणी कसं चालावं: नवरात्राचा नऊ दिवसांचा कोर्स (पनवेल आवृत्ती)

नवशिक्यांनो, घाबरू नका. चप्पल काढायला अक्कल लागत नाही. काढल्याचं दिसायला मात्र लागते.

१. आधी चप्पल विकत घ्या. उंची कोल्हापुरीच. फाटक्या स्लिपरचा त्याग कोणी मोजत नाही. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये प्राडानं मिलानमध्ये तशाच चपला कोल्हापूरचं नावही न घेता मिरवल्या. असा ऐवज घटस्थापनेला कपाटात गेला, तर शेजारी चौकशी करणारच.

२. पायांचा फोटो वरून काढा. त्या दिवसाच्या रंगाचा काठ त्यात आला पाहिजे. फोड आलाच तर आधी स्टेटस, मग मलम.

३. स्टेशनपर्यंत रिक्षा करा. नवस चप्पल न घालण्याचा आहे, चालण्याचा नाही. शिवाय दुपारी डांबर चटके देतं, बिचारे तुम्ही!

४. लोकल पनवेलहूनच सुटते, तेव्हा खिडकी पकडा आणि पाय आत ओढून बसा. कुर्ल्याला उतरणारे बूट तुमची श्रद्धा विचारत नाहीत.

५. कोणी हसलंच, तर हुसेन सांगा. पंढरपुरात जन्मलेला हा चित्रकार १९६४ साली कवी मुक्तिबोध गेल्यावर अनवाणी चालू लागला. पुढे मुंबईतल्या एका क्लबानं त्याला अनवाणी म्हणून आत घेतलं नाही. तुमचं तसं होणार नाही. मॉलचा सिक्युरिटीवाला इस्त्रीचा शर्ट बघून ‘माताजीका व्रत?’ म्हणत दार उघडेल. शर्ट मळका असेल, तर मात्र तुमची जबाबदारी तुमच्यावर.

६. बाजारात प्रबळगडाच्या पायथ्याच्या वाडीतली एखादी मावशी काकड्या, शिराळी घेऊन बसलेली असेल, तीही अनवाणी. ‘मावशी, तुमचे किती दिवस?’ असं विचारू नका, हिशेब लांबेल. काकडीचा भाव पाडा आणि निघा.

७. आषाढात भात लावायला चिखलात उतरणाऱ्यांशी बरोबरी करू नका. त्यांच्या पायताणाला चिखल ओढून घेतो, म्हणून ते काढून ठेवतात. ते नुसतं काम. त्याला पुण्य लागत नाही.

८. भेगांना कोकमाचं तेल कोमट करून लावा. गावाकडची आजी लावायची तेच. फरक एवढाच की तिचा दसरा कधी यायचा नाही.

९. रस्त्यावरच्या खडीबद्दल नऊ दिवस तक्रार करू नका. रस्ता गुळगुळीत झाला तर देवीला काय दाखवणार? दहाव्या दिवशी बूट चढवा, मग करा. तेव्हा तुम्हाला ती टोचणारच नाही.