कबुलीजबाब लिहून घेणाऱ्या साहेबांस खुले पत्र

सन्माननीय साहेब,

कापडे, ता. पोलादपूर येथून शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले होते.

आमच्या तालुक्यात घरटी एक माणूस मुंबईला. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. आपला माणूस सुखरूप असल्याचा फोन येईपर्यंत इथे कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. आपण मात्र काही महिन्यांत गुन्हेगार हजर केलेत, तेही कबुलीसकट. केवढी ही तत्परता!

पोलिसापुढची कबुली पुरावा नाही, असं १८७२ च्या कायद्यात गोऱ्या साहेबाने लिहून ठेवलं. स्वतःच्याच पोलिसांवर त्याचा भरवसा नव्हता, बिचारा! सुदैवाने १९९९ चा मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, आपल्या मदतीला धावला. अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली त्यात चालते.

आपल्या लेखणीचं कौतुक किती करावं? आरोपी वेगळे, कबुली नोंदवणारे अधिकारी वेगळे, पण जागोजागी मजकूर तोच! मुंबई उच्च न्यायालयालाही हे साम्य दिसलं. २१ जुलै २०२५ रोजी न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांनी या कबुल्या नाकारल्या, छळाची तक्रार ग्राह्य धरली आणि बाराही जणांना निर्दोष ठरवलं.

त्यांची १९ वर्षं आपण सरकारी खर्चाने काढून दिलीत, याबद्दलही ऋणी आहोत. तेरावे आरोपी, शिक्षक अब्दुल वाहिद शेख, यांचा पाहुणचार ९ वर्षांतच आटोपला. २०१५ मध्ये ते सुटले. खालच्या न्यायालयाने फाशी सुनावलेल्या पाचांपैकी एकजण २०२१ मध्ये नागपूरच्या कारागृहात करोनाने गेला. निर्दोष असल्याचा निकाल ऐकायला तो उरला नाही. आपल्या चोख कामाची याहून मोठी पावती कोणती?

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. २४ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. तेव्हा आपण अजून आशा ठेवावी.

आपले सर्वांत मोठे उपकार मात्र आमच्यावर नाहीत. ते आहेत बॉम्ब ठेवणाऱ्यांवर. ज्यांनी ठेवले, त्यांचा माग काढण्याचा काळ आपण कबुल्या लिहिण्यात घालवलात. ज्यांची माणसं गेली, त्यांच्या हाती १९ वर्षांनंतर गुन्हेगाराचं नावही नाही. त्यांच्या वतीने आपले आभार मानायला शब्द नाहीत.

आता दोन शब्द वाचकांशी. घरातल्या कुणाला उचललं, आणि "सही कर, संध्याकाळी घरी जाशील" असं कुणी सांगितलं, तर सही करू नये, कोऱ्या कागदावर तर नाहीच. वकिलाला भेटण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २२ ने दिला आहे. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. मारहाण झाली असेल तर तिथे स्पष्ट सांगा, वैद्यकीय तपासणी मागा. पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टातली विधी सेवा समिती गाठा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळणं हा १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
कापड्याचा एक रहिवासी