चरखा घेऊन प्रदर्शनात बसणाऱ्यांसाठी उपयुक्त सूचना

तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात किंवा बचत गटांच्या जत्रेत सूतकताईचं प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी आपली निवड झाली असल्यास अभिनंदन. सूत कातता येणं ही या कामासाठी दुय्यम पात्रता आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावं.

जागा : आपला स्टॉल भाजी कापायचं यंत्र विकणाऱ्या माइकवाल्याशेजारीच असतो. तक्रार करू नये. तिथे उभं राहून ज्यांचे पाय दुखतात ती मंडळी आपल्याकडे वळतात. तोच आपला प्रेक्षकवर्ग. मंडपातला पंखा मात्र दुसरीकडे फिरवून घ्यावा. पेळू उडतात, आणि कोरड्या वाऱ्यात कापसाचा धागा तटातट तुटतो.

साहित्य : पेटी चरखा न्यावा. एसटीत कंडक्टरला ती हार्मोनियम वाटते. गैरसमज दूर करू नये, नाहीतर प्रात्यक्षिक तिथेच सुरू करावं लागतं.

प्रात्यक्षिक : डाव्या चिमटीत पेळू, उजव्या हाताखाली चाक. डावा हात मागे जाईल तसतसे तंतू सुटतात, त्यांना पीळ बसतो. हात पुढे आणला की सूत चातीवर गुंडाळलं जातं. घरी हे बिनबोभाट चालतं. समोर कुणी मोबाइल धरला की धागा तुटलाच म्हणून समजा. अशा वेळी ‘आता सांधायचं कसं ते बघा’ असं गंभीरपणे म्हणावं, तुटलेलं टोक पेळूला टेकवावं आणि चाक फिरवावं. टाळ्या इथेच पडतात.

शंकासमाधान : ‘गांधीजींचा चरखा हाच का?’ असं विचारल्यास या पेटीची घडण येरवड्याच्या तुरुंगातली, हे सांगावं. ‘याला मोटर का नाही लावत?’ असं विचारणाऱ्याला सांगावं की १९२९ साली चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं; तेव्हा आपण हवे होतात. ‘आमची आजी कातायची’ म्हणणाऱ्यांना लगेच खुर्ची द्यावी. पुढची सगळी माहिती गर्दीला तेच देतात. तेवढ्यात आपला चहा उरकावा.

विक्री : ‘एवढ्याशा पंचाचे एवढे पैसे?’ या प्रश्नावर वाद घालू नये. गिऱ्हाइकाच्या हातात तकली आणि एक पेळू द्यावा. ‘वीतभर सूत काढा, मग भावाचं बघू.’ पहिल्यांदा तकली टेबलाखाली जाते. दुसऱ्यांदा जे निघतं त्याने बैल बांधता येईल. तिसऱ्यांदा बोटभर बरं सूत निघतं आणि गिऱ्हाईक बायकोला हाक मारतं. एका गुंडीत हजार मीटर सूत असतं, हे नेमकं आता सांगावं. आधी सांगून उपयोग नसतो.

एवढ्यावरही जो पन्नास रुपये कमी करायला सांगेल, त्याला तकलीची किंमत सांगावी. ती त्याने अजून खाली ठेवलेली नसते.